फळीवरची ढाल आणि टोप्यांचे गाव

कलकत्त्यास १८७३ साली स्थापन झालेला रग्बीचा एक इंग्रजी क्लब पाच वर्षांतच मोडकळीस आला. बंगालची हवा त्या दांडग्या खेळास मानवेना, पोलो आणि टेनिस यांची मोहिनी वाढत चालली, आणि क्लबातील मद्याची फुकट सोय बंद होताच सभासदही रोडावले, अशी त्याच्या अवसानाची कारणपरंपरा सांगतात. क्लब मोडावयाचा तर शिलकीचे काय करावयाचे, हा प्रश्न पुढे आला, तेव्हा त्या मंडळींनी बँकेतील शिल्लक रोख चांदीच्या रुपयांत काढून घेतली, २७० रुपये वितळविले, नागाच्या आकाराच्या तीन मुठी आणि झाकणावर हत्ती असलेला एक देखणा चषक घडवून घेतला आणि तो विलायतेतील रग्बी संघटनेस नजर केला. या चषकासाठी इंग्लंडातील क्लबांनी दरसाल आपसांत झुंजावे आणि जो अखेरपर्यंत टिकेल त्याने तो मिरवावा, अशी देणाऱ्यांची मनीषा होती. संघटनेने चषक आनंदाने ठेवून घेतला. परंतु त्यासोबतची सूचना मात्र नम्रपणे नाकारली. क्लबाक्लबांत अशी चुरस लागली म्हणजे खेळाचे पावित्र्य जाते, असे तेथील धुरीणांचे मत होते. म्हणून आपल्या मुलखातील रुपयांचा तो चषक इंग्लंड आणि स्कॉटलंड या दोन राष्ट्रांच्या वार्षिक सामन्यास बहाल करण्यात आला आणि आजही तो त्याच कामी येतो.

या नकारात एक संपूर्ण तत्त्वज्ञान सामावलेले होते. ते असे की, सभ्य गृहस्थाने खेळासाठी खेळावे, जिंकण्यासाठी जीव टाकू नये, आणि खेळण्याबद्दल कवडी घेण्याचा विचार तर स्वप्नातही आणू नये. या तत्त्वज्ञानाची आणि त्याच्या नेमक्या विरुद्ध असलेल्या एका लोकरीतीची जी टक्कर पुढे अर्धशतकाने फ्रान्सच्या दक्षिण भागात झाली, तिची ही हकीकत आहे. तिचा काळ म्हणजे फ्रान्सच्या राष्ट्रीय क्लब अजिंक्यपदाचा १९२९-३० चा मोसम. आणि तिच्यात एक टोप्यांचा कारखानदार आहे, एक अठरा वर्षांचा तरुण आहे, आणि एका लाकडी फळीवर बसविलेली एक पितळी ढाल आहे.

ज्या वाचकांनी पावसाळ्यात मुंबईच्या जिमखान्याच्या मैदानावरील चिखलात हा खेळ चाललेला पाहिला असेल त्यांना त्याचे वर्णन नको. इतरांसाठी चार शब्द सांगितले पाहिजेत. दोन्ही बाजूंस पंधरा-पंधरा गडी असतात आणि चेंडू गोल नसून लांबट, अंड्यासारखा असतो. तो हातात घेऊन धावता येते, पायाने कोठेही मारता येतो, पण हाताने सोबत्याकडे द्यावयाचा तर बाजूस किंवा मागेच द्यावा लागतो. म्हणजे पुढे जावयाचे असेल तर ज्याच्या हातात चेंडू आहे त्याने छाती पुढे करून स्वतःच गेले पाहिजे, आणि त्याला रोखावयाचे असेल तर त्याच्या अंगावर झेप घालून, कमरेला किंवा पायांना मिठी मारून त्याला जमिनीवर आणले पाहिजे. कबड्डीतील पकडीची ज्याला गोडी आहे त्याला या झेपेतील, म्हणजे टॅकलमधील, मर्म सांगावयास नको. खेळ थांबला की दोन्ही बाजूंचे आठ-आठ धिप्पाड गडी खांद्याला खांदा आणि डोक्याला डोके भिडवून जो रेटा देतात त्यास स्क्रम म्हणतात. प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीस टेकविला म्हणजे ट्राय झाला. त्या काळी त्याचे तीन गुण मिळत. त्याहून अधिक, म्हणजे चार गुण, मिळत ते ड्रॉप गोलाचे. धावता धावता चेंडू हातातून जमिनीवर सोडावयाचा, तो उसळताच लाथाडावयाचा आणि दोन उंच खांबांच्या मधून आडव्या दांडीवरून पार करावयाचा, अशी ही अवघड कसरत असते. जखमी गड्याच्या जागी दुसरा घेण्याची तेव्हा सोय नव्हती. ज्याचे हाड मोडे तो बाहेर जाई आणि बाकीचे चौदा खेळत राहत.

हा खेळ इंग्रजांचा. फ्रान्समध्ये तो गेला तो इंग्रज व्यापाऱ्यांबरोबर आणि इंग्रजी शाळांवर लुब्ध झालेल्या पॅरिसच्या खानदानी तरुणांबरोबर. परंतु इंग्रजांनी नाकारलेली गोष्ट फ्रेंचांनी पहिल्याच झटक्यात उचलली. २० मार्च १८९२ रोजी पॅरिसजवळच्या बागातेल येथे रेसिंग क्लब द फ्रान्स आणि स्ताद फ्राँसे या दोन क्लबांत राष्ट्रीय अजिंक्यपदाचा पहिला सामना झाला. राष्ट्रीय म्हणावयाचे एवढ्यासाठीच की तिसरा क्लब रिंगणात नव्हता! रेसिंगने तो ४ विरुद्ध ३ गुणांनी जिंकला. पंचाचे काम पिएर द कुबेर्तँ यांनी केले. हेच गृहस्थ पुढे अर्वाचीन ऑलिंपिक सामन्यांचे जनक म्हणून जगास ठाऊक झाले. विजेत्यांस देण्यासाठी एक ढाल शार्ल ब्रेन्युस नावाच्या कुशल नक्षीकाराकडून करवून घेण्यात आली, आणि त्याच्या नावावरून ती ब्रेन्युसची ढाल म्हणून ओळखली जाऊ लागली. लाकडाच्या जाड फळीवर बसविलेली ती पितळी ढाल दिसावयास फारशी डौलदार नाही, आणि दक्षिणेतील लोक तिला लाडाने आपल्या बोलीत ‘प्लांशो’ म्हणजे ‘फळकूट’ असेच म्हणतात. आपल्याकडे घरच्या लाडक्या मुलाला ‘कार्टे’ म्हणावे त्यातलाच हा प्रकार.

पॅरिसची मक्तेदारी फार वर्षे टिकली नाही. १८९९ साली बोर्दोच्या क्लबाने ढाल दक्षिणेस नेली आणि त्यानंतर खेळाचे गुरुत्वकेंद्र हळूहळू गारोन नदीचे खोरे, भूमध्य समुद्राकाठचे द्राक्षांचे मळे आणि पिरेनीज पर्वताच्या पायथ्याची गावे यांकडे सरकत गेले. तेथील समाजाची घडण लक्षात घेतल्याशिवाय पुढील हकीकत कळावयाची नाही. धर्मसंस्थेच्या आश्रयाने चालणाऱ्या तरुणमंडळांनी बहुधा पायचेंडूचा स्वीकार केला, तर प्रजासत्ताकाच्या निधर्मी शाळांतील मास्तरांनी दक्षिणेत रग्बीचा कैवार घेतला. आणि पहिल्या महायुद्धातून जे परतले त्यांनी रविवारच्या दुपारी गावाच्या मैदानावर जमण्याचा जणू परिपाठ घालून घेतला. फ्रेंच भाषेत गावाभिमानास ‘घंटाघराची वृत्ती’ असा शब्द आहे. आपल्या चर्चच्या मनोऱ्यावरील घंटेचा आवाज जेथवर ऐकू जातो तेथवर आपले जग, आणि शेजारच्या मनोऱ्याखाली राहणारा तो परका. आपल्याकडे वेशीला जी प्रतिष्ठा, ती तिकडे त्या मनोऱ्याला. एरव्ही ही वृत्ती जत्रेतील भांडणांत आणि सोयरिकीच्या टोमण्यांत खर्ची पडली असती. रग्बीने तिला पंधरा गडी, एक चेंडू आणि वर्षाच्या शेवटी मिळणारी एक ढाल दिली.

ओद जिल्ह्यात, त्याच नावाच्या नदीच्या वरच्या खोऱ्यात, पिरेनीजच्या पायथ्याशी कियाँ नावाचे एक गाव आहे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात त्याची वस्ती जेमतेम तीन हजार होती आणि लोकरीच्या नमद्याच्या टोप्या करणे हा त्या खोऱ्याचा मुख्य उद्योग होता. झाँ बूरेल हा तेथील मोठा कारखानदार. टोप्या तर सगळेच करतात. आपल्या टोप्यांचे नाव देशभर व्हावयाचे कसे, या विचारात असता त्याला असे सुचले की, भिंतीवर जाहिराती चिकटविण्यापेक्षा गावाचा रग्बी संघच अजिंक्य केला तर वर्तमानपत्रे ती जाहिरात फुकट करतील. त्याने पेर्पिन्याँच्या संघाकडे नजर वळविली. पेर्पिन्याँने १९२५ साली ढाल जिंकलेली होती आणि पुढल्या वर्षीही अंतिम सामना गाठला होता. बूरेलने तेथील नामांकित गडी एकामागून एक कियाँस आणले, त्यांना कारखान्यात नोकऱ्या दिल्या आणि त्यांचे शिक्षक झिल्बेर ब्रुत्युस यांच्याकडे संघाची सूत्रे सोपविली. कागदोपत्री ही सर्व मंडळी टोप्यांच्या धंद्यातील चाकरमानी होती. त्यांच्या हातून टोप्या किती झाल्या याचा ताळेबंद पाहण्याची फिकीर मात्र बूरेललाही नसावी. कारण त्याला हवे होते ते पीक मैदानावर उगवत होते.

याची किंमत लवकरच चुकवावी लागली. ज्या गावाचे गडी गेले ते गाव हे कसे विसरावे? १९२७ साली पेर्पिन्याँ आणि कियाँ यांच्या सामन्यात कियाँचा गास्ताँ रिव्हियेर हा स्क्रमच्या मधोमध खेळणारा गडी जबर जखमी झाला आणि दगावला. त्यानंतरही मोसम मागून मोसम उलटत गेले, पण कोणी थांबून विचार केल्याचे दिसत नाही. १९२८ साली कियाँ अंतिम सामन्यात पोहोचले आणि पो या गावाकडून ६ विरुद्ध ४ असे निसटते हरले. १९२९ साली पुन्हा पोहोचले. यावेळी समोर त्याच ओद जिल्ह्यातील लेझिन्याँ होते, आणि त्यांचा मार्गदर्शक होता झाँ सेबेदिओ, ज्याला सारा दक्षिण मुलूख ‘सुलतान’ या टोपणनावाने ओळखत असे. तुलूझ येथे झालेल्या त्या सामन्यात लेझिन्याँने आठ गुणांची आघाडी घेतली आणि कियाँने मागून येऊन ११ विरुद्ध ८ अशी बाजी मारली. परंतु दुसऱ्या दिवशी चर्चा झाली ती गुणांची नव्हे, मैदानावरील ठोसेबाजीची आणि प्रेक्षकांतील मारामारीची. दोन शेजारी गावांचे जुने वैर भर दुपारी, हजारो साक्षीदारांसमक्ष मोकळे झाले होते. ते काहीही असो, तीन हजार वस्तीच्या गावात ब्रेन्युसची ढाल आली आणि बूरेलच्या टोप्यांचे नाव घरोघर झाले.

१९२९-३० चा मोसम सुरू झाला तो असा, अजिंक्यपद टोपीवाल्यांच्या गावी असताना आणि वातावरणात दारू ठासून भरलेली असताना. वर्षभर जे खदखदत होते ते १९३० च्या वसंतात, चार आठवड्यांच्या आत, उतू गेले.

पहिली ठिणगी क्लबांच्या नव्हे, राष्ट्रांच्या सामन्यात पडली. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड आणि फ्रान्स यांची दरसाल जी स्पर्धा होई तिच्यात फ्रान्स हा सर्वांत धाकटा आणि बहुधा तळाशी राहणारा भागीदार. पण त्या वर्षी स्कॉटलंड आणि आयर्लंड या दोघांना त्याने हरविले होते आणि ईस्टरच्या सोमवारी, २१ एप्रिलला, पॅरिसजवळच्या कोलोंबच्या मैदानावर वेल्सला नमविले असते तर इतिहासात प्रथमच मुकुट त्याच्या शिरावर चढला असता. मैदान तुडुंब भरले होते. प्रत्यक्षात खेळ थोडा झाला आणि हाणामारी फार झाली. एका वेल्श गड्याचा ओठ इतका फाटला की त्याला टाके घालावे लागले, आणि इंग्रज पंचाने खेळ थांबवून दोन्ही संघांस चांगले खडसावले. फ्रान्स ० विरुद्ध ११ असे हरले. परतलेल्या वेल्श पाहुण्यांनी आपल्या मंडळास जी कैफियत सांगितली असेल तिची कल्पना करता येते. फ्रेंच क्लबांच्या स्पर्धेतील धसमुसळेपणा आता राष्ट्रीय संघातही शिरला आहे, ही इंग्रजी दप्तरांतील जुनी तक्रार. तिला आता ताजा पुरावा मिळाला.

आणि मे महिन्याच्या आरंभी उपांत्य सामन्यात आझँ आणि पो समोरासमोर आले. आझँ हे गारोन नदीकाठचे, वाळविलेल्या आलुबुखारांसाठी फ्रान्सभर नावाजलेले सुखवस्तू शहर. त्याने तोवर ढाल एकदाही जिंकली नव्हती. त्याच्या संघात मैदानाच्या कडेने धावणारा, विंगर म्हणून ज्यास ओळखतात त्या जागी खेळणारा मिशेल प्रादिये नावाचा अठरा वर्षांचा तरुण होता. पोच्या बाजूने तायाँतू होता. राष्ट्रीय संघातून खेळलेला, कसलेला, अंगापिंडाने मजबूत गडी. खेळाच्या ओघात तायाँतूने प्रादियेला धडक देऊन पाडले. अशा झेपा त्या मोसमात शेकड्यांनी पडल्या असतील, आणि मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्यांना प्रथमदर्शनी तीत काही निराळे दिसलेही नसेल. पण प्रादिये त्या आघातातून वाचला नाही. प्रकरण फौजदारी न्यायालयात गेले. तायाँतू दोषी ठरला, त्याला तीन महिन्यांची स्थगित कैद आणि दंड अशी शिक्षा झाली. रविवारच्या खेळाचा निवाडा सोमवारी वर्तमानपत्रांनी करावा ही रीत होती. आता तो न्यायाधीशाला करावा लागला.

आझँने अंतिम फेरी गाठली होती आणि ती खेळली गेली. सुतक असलेल्या घरी लग्न उरकावे तसा तो सामना त्याच मे महिन्यात बोर्दो येथे पार पडला. समोर कोण, तर कियाँ. सलग तिसऱ्या वर्षी अंतिम सामन्यात आलेले ते टोप्यांचे गाव. एका बाजूस विकत घेतलेला म्हणून हिणविला जाणारा संघ आणि दुसऱ्या बाजूस नुकताच सोबती गमावलेला संघ. परस्परांविषयी धाक म्हणा की गेल्या पंधरवड्याचे ओझे म्हणा, ठरलेल्या वेळात दोघांनाही एकही गुण करता आला नाही आणि घड्याळ संपले तेव्हा फलकावर दोन शून्ये होती. जादा वेळ देण्यात आला. त्यात आझँच्या मार्यूस गिरालने चेंडू हातातून सोडला, उसळत्या चेंडूवर लाथ बसली आणि तो दोन खांबांच्या मधून पार झाला. चार गुण, साऱ्या सामन्यातले तेवढेच. आझँ ४, कियाँ ०. आझँच्या इतिहासातील हे पहिले अजिंक्यपद. पुढे त्या शहराने आणखी सात वेळा ढाल जिंकली आणि त्याच क्लबातील आल्बेर फेरास हे १९६८ पासून १९९१ पर्यंत देशाच्या रग्बी महासंघाचे अध्यक्ष होते. पण पहिल्या विजयाची आठवण त्या शहरात निर्भेळ आनंदाची कशी असणार?

येथपर्यंत जे घडले त्याचा हिशेब पुढल्या हिवाळ्यात मागण्यात आला. प्रथम घरातच फूट पडली. तुलूझ, पेर्पिन्याँ, पो, बेयोन, स्ताद फ्राँसे यांसारख्या डझनभर जुन्या प्रतिष्ठित क्लबांनी महासंघास रामराम ठोकून शुद्ध हौशी रग्बीसाठी आपली निराळी संघटना जानेवारी १९३१ मध्ये उभी केली. ढालीपायी गडी पळविले जातात, पाकिटे दिली जातात, हिंसा माजते आणि महासंघ डोळ्यांवर कातडे ओढून बसतो, असा त्यांचा आरोप होता. आरोप खरा होता. मात्र आरोप करणाऱ्यांत पो होते, आणि पेर्पिन्याँही होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या जाहीरनाम्यातील सोवळेपणा किंचित सैल वाटू लागतो. या फुटीने इंग्लिश खाडीपलीकडील चार संघटनांच्या हाती आयतेच हत्यार दिले. फेब्रुवारी १९३१ मध्ये त्यांनी ठराव केला की, फ्रान्समधील खेळाचा कारभार समाधानकारक पायावर येईपर्यंत फ्रान्सशी किंवा फ्रेंच क्लबांशी सामने होणार नाहीत. ठरलेले सामने तेवढे पुरे करण्यात आले. त्या एप्रिलात कोलोंब येथे फ्रान्सने इंग्लंडला १४ विरुद्ध १३ असे हरविले आणि मग दारे बंद झाली ती महायुद्ध संपेपर्यंत.

या बहिष्काराचे कारण विचारले तर ‘हिंसा’ असे उत्तर मिळे. पण अट विचारली तर ती असे ‘अजिंक्यपदाची स्पर्धा बंद करा’ अशी. येथे कलकत्त्याच्या चषकाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. १८७८ साली जे मत नम्र शब्दांत व्यक्त झाले होते, तेच आता फर्मान होऊन आले होते. इंग्रजांच्या तर्कशास्त्रात काही तथ्य नव्हते असे नाही. ढाल नसती तर कियाँला गडी आणावयाचे कारण नव्हते, गडी आणले नसते तर पेर्पिन्याँचे वैर पेटले नसते, आणि उपांत्य सामना नसता तर त्या दुपारी प्रादिये कदाचित घरी असता. परंतु याच तर्काची दुसरी बाजू इंग्लंडच्या स्वतःच्या घरात होती. यॉर्कशर आणि लँकेशर येथील गिरणी-खाणीत राबणारा गडी शनिवारी खेळावयास गेला की त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडे. ती भरून द्यावी एवढीच तेथील क्लबांची मागणी होती, आणि ती फेटाळली गेली म्हणून १८९५ च्या ऑगस्टात हडर्सफील्ड येथील एका हॉटेलात जमून बावीस क्लबांनी मूळ संघटनेशी काडीमोड घेतला. त्यातूनच पुढे तेरा गड्यांचा, उघडपणे पैसे घेऊन खेळला जाणारा रग्बी लीग नावाचा वेगळा खेळ जन्मास आला. हौशीपणा ही ज्याला परवडते त्याच्या दृष्टीने नीती असते. ज्याच्या घरी चूल मजुरीवर पेटते त्याला तीच नीती दाराला लावलेल्या कुलपासारखी भासते.

आपल्याकडील रीतीने पाहिले तर बूरेलचा अपराध समजून घेणेच कठीण जाईल. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी मल्लांना आश्रय दिला, त्यांच्या खुराकाची तजवीज केली, खासबागेचे भव्य मैदान बांधले; तेथे कुस्ती पाहावयास बसलेल्या एकाही रसिकाच्या मनात, हा मल्ल दरबारचा खुराक खातो म्हणून त्याचा डाव अशुद्ध, असा विचार चुकूनही आला नसेल. कियाँचा कारखानदार हा त्याच अर्थाने एक आश्रयदाता होता. भेद एवढाच की राजाला कीर्ती हवी असते आणि याला गिऱ्हाईक हवे होते. दोष असलाच तर तो पैशाच्या देण्याघेण्यात नसून त्याच्या चोरटेपणात होता. जे उघड करता येत नाही त्याला नियम लावता येत नाहीत, आणि जेथे नियम नाहीत तेथे रागाला लगाम राहत नाही. हौशीपणाच्या फर्मानाने पैसा थांबविला नाही; त्याने फक्त तो टेबलाखाली ढकलला.

बहिष्कारातून जे निष्पन्न झाले ते इंग्रजांच्या अपेक्षेच्या उलट झाले. कियाँच्या विजयी संघात झाँ गालिया नावाचा एक असामान्य गडी होता. पुढे पैशाच्या व्यवहाराचा ठपका ठेवून महासंघाने त्याला दूर केले, तेव्हा तो सरळ इंग्लंडच्या उत्तरेकडील त्या बंडखोर खेळाकडे वळला, १९३४ साली आपला संघ घेऊन तिकडे दौरा करून आला आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये तेरा गड्यांच्या खेळाची संघटना उभी राहिली. राष्ट्रांच्या सामन्यांना मुकलेले प्रेक्षक आणि चोरून पैसे घेण्यास कंटाळलेले गडी तिकडे लोटले. इतके की, जर्मन अंमलाच्या काळात, १९४१ साली, व्हिशीच्या सरकारने हुकूम काढून तो खेळ बेकायदा ठरविला आणि त्याची मालमत्ता जप्त केली. राजसत्तेने एखादा खेळच मोडून टाकावा असे दुसरे उदाहरण सहसा सापडणार नाही. पेर्पिन्याँहून कियाँस आलेले ते शिक्षक, झिल्बेर ब्रुत्युस, जर्मनांविरुद्धच्या गुप्त प्रतिकारात सामील झाले, पकडले गेले आणि १९४४ साली कैदेतच त्यांचा अंत झाला. पेर्पिन्याँच्या तेरा गड्यांच्या खेळाचे मैदान आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. ज्यांना एकेकाळी भाडोत्री संघाचा म्होरक्या म्हणून हिणविले गेले, त्यांनी जी गोष्ट दिली ती कोणत्याही कारखानदाराला विकत घेता आली नसती.

महायुद्धाच्या उंबरठ्यावर, १९३९ साली, फ्रेंच महासंघाने अखेर मान तुकविली. स्पर्धा बंद करण्याचे वचन दिल्यावर दारे पुन्हा उघडण्याचा तह झाला. पण तो अंमलात येण्यापूर्वीच युद्ध आले. १९४३ साली, देश परक्यांच्या टाचेखाली असताना, स्पर्धा पुन्हा सुरू झाली आणि १९४७ साली पाच राष्ट्रांचे सामनेही सुरू झाले. १९५० च्या दशकाच्या आरंभी खाडीपलीकडून पुन्हा तीच अट, पुन्हा तोच इशारा आला. यावेळी महासंघाची मंडळी काहीही कबूल करोत, गावे ऐकावयास तयार नव्हती. ढाल गेली तर रविवार कशासाठी, हा त्यांचा प्रश्न. आणि त्याला पॅरिसकडेही उत्तर नव्हते, लंडनकडेही नव्हते. स्पर्धा राहिली. नवल असे की, ती राहूनही, किंबहुना ती राहिली म्हणूनच, फ्रान्सने १९५९ साली पाच राष्ट्रांचे अजिंक्यपद प्रथमच एकट्याने पटकाविले.

आणि इंग्लंड? कलकत्त्याच्या क्लबाने जी सूचना १८७८ साली केली होती तिचा एक भाग तेथे १९७२ साली, क्लबांच्या चषकस्पर्धेच्या रूपाने, अंमलात आला. श्रेणीवार लीग सामने सुरू व्हावयास १९८७ साल उजाडावे लागले. त्यानंतर आठच वर्षांनी, १९९५ च्या ऑगस्टात, रग्बीच्या जागतिक मंडळाने हौशीपणाची अट उघडपणे मोडीत काढली आणि गड्याने खेळाचे पैसे घेणे ही चोरी राहिली नाही. ज्या गोष्टीसाठी एका देशाला सोळा वर्षे वाळीत टाकले गेले ती दोन्हीकडे रीतसर झाली आणि त्याबद्दल कोणी कोणाकडे दिलगिरी व्यक्त केली नाही. संस्थांची ही चाल जुनीच आहे. त्या चुका कबूल करीत नाहीत, फक्त नियम बदलतात.

नियम बदलून जे सुधारते ते सुधारले. लाच पगार झाली, बाहेरून आणलेला गडी करारातला गडी झाला, जखमी गड्याच्या जागी दुसरा येऊ लागला. मनोऱ्याच्या घंटेचे काय करावयाचे, हे मात्र कोणत्याही ठरावाला जमले नाही. कारण तिच्याच आवाजाने माणसे मैदानावर येतात आणि तिच्याच आवाजाने ती भान विसरतात. आझँचे नाव १९३० सालच्या खात्यात अजिंक्य म्हणून लागले आहे. ते लागले एका लाथेने आणि एका अठरा वर्षांच्या मुलाच्या मृत्यूनंतर पंधरवड्याने. विजेत्यांच्या यादीत साल आणि गाव एवढेच लिहिण्याची पद्धत असल्यामुळे हे तिच्यावरून कळत नाही.

कियाँ पुन्हा कधी अंतिम सामन्यात आले नाही. जगभर मंदी आली, बोडक्या डोक्याने हिंडण्याची फॅशन आली, टोप्यांची मागणी आटली आणि बूरेलचा हात आखडला. ज्या वाटेने गडी आले होते त्याच वाटेने ते पांगले. आज त्या खोऱ्यातला टोप्यांचा उद्योग बहुतांशी लयास गेला आहे. गावाचा रग्बी संघ खालच्या वर्गात, गावाच्या वस्तीला शोभेल अशा सामन्यांत खेळतो, आणि तो ज्या मैदानावर खेळतो त्याला झाँ बूरेल याचे नाव आहे. बाहेरच्या जगाने त्या कारखानदारावर कोणताही ठपका ठेवला असो, गावाने आपल्या वहीत त्याची नोंद जमेच्याच बाजूला केलेली आहे.